न चिकटवलेली पर्ची

डोळे मिटू नका, उघडेच ठेवा, आणि माझ्यासोबत एवढं समोर आणा: रंभाने उजव्या हाताचं बोट जिभेला लावून ओलं केलं आणि पान उलटायला थेट लॅपटॉपच्या पडद्यावर ठेवलं.

पान काही उलटलं नाही. पडद्यावर एक ओला ठिपका तेवढा उमटला.

"मम्मी!" गुंजन ओरडली. "मावशीचा लॅपटॉप है वो! थुका कावून लावून राहिली?"

"सवय हाय न वं. बोट आपोआपच जाते."

रंभाने पदराने पडदा पुसला. पुसताना कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि फाईल एकदम चारशेव्या पानावर जाऊन उभी राहिली. मायलेकी दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि आधी रंभाच हसली.

मरोद्याच्या रेल्वे क्वार्टरातली ही दुपार. रंभा स्टेशनवर पॉइंट्समन होती. म्हणजे मालगाडी आली की झेंडी दाखवायची, रूळ बदलायचे, डबे जोडायचे, आणि आत पॅनेलसमोर बसलेले स्टेशन मास्तर सांगतील तसं उन्हापावसात धावायचं. दहा वर्षं ती हेच करत होती. आता तिला आत बसायचं होतं. "झेंडी लय दाखवली," ती म्हणायची, "आता दाखव म्हणणारी व्हायचं हाय."

त्यासाठी परीक्षा होती, परवा, रायपूरला. तीस प्रश्न आणि एक तास. नियमांचं पुस्तक बघायची मुभा होती, पण कागदाचं नाही. समोरच्या कॉम्प्युटरवर त्याची फाईल उघडलेली असायची, सातशे बारा पानांची. उत्तर लिहायचं आणि ते फाईलच्या कोणत्या पानावर आहे, तेही लिहायचं. नुसतं उत्तर पाठ असून भागत नव्हतं.

मागच्या वर्षी रंभाने ही परीक्षा दिली होती. उत्तरं तिला येत होती, पानं सापडत नव्हती. खालच्या बाणावर बोट ठेवून ती एकेक पान सरकवत राहिली. तास संपला तेव्हा अकरा प्रश्न झाले होते. पुढच्या वर्षी तिचं वय नियमात बसणार नव्हतं. म्हणून ही वेळ शेवटची होती, आणि म्हणूनच कोहक्याच्या मावशीचा लॅपटॉप दोन दिवसांसाठी घरी आला होता, आणि सहावीतली गुंजन मास्तरीण झाली होती.

"आता पाय," गुंजन म्हणाली. "कंट्रोल दाबून ठेव. सोडू नको. अब एफ दाब. कोपऱ्यात डब्बा आला न? जे शोधायचं ते त्यात लिहायचं."

"काई बी?"

"काई बी. धुक्यात गाडीचा स्पीड किती, ते शोध."

रंभाने एकेक अक्षर हेरून, कोंबडी दाणे टिपते तशी टिपत, इंग्रजी अक्षरांत अख्खा प्रश्न लिहिला. धुक्यात गाडी किती स्पीडने चालवावी. मग जरा थांबून पुढे "सर" जोडलं.

शून्य. काहीच सापडलं नाही.

"याने तर तोंडच नाई उघडलं," रंभा म्हणाली.

"मम्मी, वो सुनता नहीं है! तो फक्त अक्षरं जुळवते. पुस्तकात जो इंग्लिश शब्द आहे, तोच पाहिजे. आणि सर कशाले लिहिलं?"

"साहेबाच्या कागदपत्रात विचारून राहिली न मी. सर नाई म्हणावं का?"

दाराशी खोकल्याचा आवाज आला. शेजारच्या क्वार्टरात मुलाकडे राहणारे मारोतराव आत आले. गार्डाच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली होती, पण अजूनही ते प्लॅटफॉर्मवर उतरावं तसे उंबरठ्यावरून जपून उतरायचे.

"भेटला का वो रंभा रूल, का अजून डब्ब्यातच हाय?"

"आबाजी, डिस्टर्ब नको करू," गुंजन म्हणाली. "क्लास चालू आहे."

"मंग मी बी बसतो क्लासात. फी नाई देणार पण."

ते खाटेवर बसले. गुंजनने धडा पुढे नेला. तिने आईला नुसतं "फॉग" लिहायला लावलं. अडतीस ठिकाणी सापडलं. अडतीस आकडा पाहून रंभाचा चेहरा उतरला, पण गुंजनने एंटर दाबून दाखवलं. एकदा दाबलं की पहिली जागा, पुन्हा दाबलं की दुसरी. शब्द पिवळा होऊन समोर येत होता. गर्दीतून कुणी हात वर करावा तसा.

"अरे वा," मारोतराव पुढे वाकले. "हे तर हजेरी देऊन राहिले."

मग गंमतच सुरू झाली. रंभाने "फाटक"साठीचा शब्द शोधला, "झेंडी"साठीचा शोधला. "पॉइंट्समन" शोधला तेव्हा एकशे सहा जागा निघाल्या, आणि ती चक्क लाजली. "एवढे वेळा आमाले याद केलं?" ती म्हणाली. मारोतरावांनी "गार्ड" शोधायला लावला आणि आकडा आपल्या बाजूने मोठा निघाल्यावर खाटेवर थाप मारली.

संध्याकाळच्या चहाआधी गुंजनने सराव परीक्षा ठेवली. भिंतीवरचं घड्याळ, वहीचं पान, दहा प्रश्न. नियम एकच होता आणि तो गुंजनचा होता: पहिलं जे सापडेल, ते बघायचं, लिहायचं, पुढे जायचं.

"थांबायचं नाई, मम्मी. पहला मिला, बस. टाइम नहीं है."

रंभा झपाट्याने निघाली. कंट्रोल, एफ, शब्द, एंटर. दहा प्रश्न तिने एकोणीस मिनिटांत केले. गुंजन फाईल उघडून एकेक उत्तर तपासू लागली. आठ बरोबर आली, नववंही आलं. दहाव्यावर तिची पेन्सिल थांबली.

"ये गलत है. धुक्यात सिग्नल सांगणारं यंत्र बसवलेलं इंजिन असलं तर पंच्याहत्तर, असं लिहिलं तू. इथं तर सगळ्याले साठच आहे. आणि तू पान कावून नाई लिहिलं?"

"सापडलं नाई म्हणून. पण पंच्याहत्तरच हाय."

"इसमें साठ लिखा है, मम्मी. तू पाय न!"

"मी पायलं. ते जुनं हाय."

"फाईलमधी आहे! फाईल कशी जुनी राहील?"

रंभा उठली आणि फळीवरून आपलं कागदाचं पुस्तक घेऊन आली. हे पुस्तक म्हणजे एक जाडजूड फुगलेला गठ्ठा होता. त्याचं कारण असं, की रेल्वेत नियम बदलला की नवं पुस्तक येत नाही. बदलाची एक छापील पर्ची येते. ती ज्याने त्याने कापायची आणि आपल्या पुस्तकात जुन्या नियमावर चिकटवायची. दहा वर्षांत रंभाने मैद्याची खळ करून अशा दीडशेवर पर्च्या चिकटवल्या होत्या.

तिने नेमकं पान उघडलं. पर्चीवर पंच्याहत्तर होते. पान उजेडाकडे धरलं, तर पर्चीखालचे जुने साठ पुसट दिसत होते.

गुंजन पर्चीकडे बघत राहिली, मग पडद्याकडे. पडद्यावर तेच पान होतं, पण स्वच्छ. त्यावर काहीच चिकटवलेलं नव्हतं.

"मतलब फाईल गलत है?" तिचा आवाज बारीक झाला. "मंग परवा तू काय करशील? मी तुले पहिलंच घ्याले शिकवलं न."

आता खोलीत कुणी हसत नव्हतं. तीस प्रश्नांत असे किती प्रश्न असतील, कुणाला ठाऊक होतं? पाच असतील, आठ असतील. पाठ असलेलं उत्तर घेऊन पुन्हा पान शोधत बसायची वेळ येणार, हे रंभाला दिसत होतं. तिने पुस्तक मांडीवर मिटून ठेवलं.

मारोतराव दाढी खाजवत होते.

"रंभा, पर्ची आली का तू काय करत होती?"

"लगेच कुठची चिकटवते, काकाजी? ड्युटी राहे. मांगं खोसून ठेवत होती, पुस्तकाच्या शेवटी. फुरसत भेटली का मंग खळ लावायची."

"मंग या फाईलवाल्याले भेटली असंन का फुरसत?"

रंभाने त्यांच्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप स्वतःकडे ओढला. या वेळी बोट जिभेकडे गेलं नाही. तिने "फॉग" खोडलं आणि त्या जागी नियमाचा नंबर लिहिला, कागदाच्या पुस्तकातून बघून. पर्चीवर दुसरं काही बदलो, नंबर बदलत नसतो. हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

पाच जागा. पहिली अनुक्रमणिकेतली. गुंजनने एंटरकडे हात नेला, पण रंभाने तो अलगद बाजूला केला.

"हे दोन बाण हायेत न डब्ब्याजवळ? एक खाली जाते. वरचा कुठी जाते?"

"मागे. पण तू पहिल्यावरच आहे, मागे काहीच नाई..."

रंभाने वरचा बाण दाबला.

फाईलने एक गिरकी घेतली आणि पहिल्या जागेवरून उलटी थेट शेवटच्या जागेवर जाऊन थांबली. पान सहाशे एक्क्याण्णव. चौकोनात छापलेली एक पर्ची, अजून कुणी न कापलेली. त्यात पिवळा झालेला नंबर, आणि खाली पंच्याहत्तर.

"हाय न!" मारोतराव उभेच राहिले. "मांगं खोसली हाय लेकाच्यानं!"

गुंजनने मागची-पुढची पानं सरकवली. सहाशे ऐंशीपासून शेवटपर्यंत पर्च्याच पर्च्या होत्या. तिने वर पाहिलं.

"मम्मी, ये तो मेरे को भी नहीं पता था. तू कशी शिकली?"

"शिकली कुठं? शेवटून यायचं. नवीन ते शेवटी राहते." रंभाने वही पुढे केली. "दहावा बरोबर दे आता. आणि अजून वीस प्रश्न काढ. या टायमाले पान बी लिहीन."

त्या संध्याकाळी चहा तीनदा गरम झाला.

रविवारी रंभा सकाळच्या लोकलने रायपूरला गेली आणि पाचला परतली. गुंजन दारातच उभी होती.

"किती झाले?"

"तीस."

"पूरे तीस? टाइम बचा?"

"चार मिनिटं. मंग 'रंभा' शोधून पायलं," ती चपला काढत म्हणाली. "नाई हाय मी त्यात कुठीच."

निकालाला दीड महिना लागला. तो एका गुरुवारी दुपारी आला, मारोतरावांच्या मोबाईलवर, कुणीतरी पाठवलेली सहा पानांची फाईल. रंभा सकाळची ड्युटी करून आली होती आणि वालाच्या शेंगा निवडत होती. मारोतरावांनी मोबाईल तिच्यापुढे धरला. तिने हात वर केले. "हात खराब हायेत. गुंजनले द्या."

गुंजनने शोधायच्या डब्ब्यात आईचा रोल नंबर टाकला. तो तिला पाठ होता.

शून्य.

नाव टाकलं. शून्य.

मारोतराव खिडकीबाहेर बघू लागले. रंभाने एक शेंग मोडली, शिरा काढल्या, दुसरी घेतली.

"राहू दे वं," ती म्हणाली. "ठेव तो."

पण गुंजनने ठेवला नाही. ती पहिल्या पानाच्या माथ्याकडे बघत होती. तिथे मोठ्या अक्षरांत "रेल्वे" असं छापलेलं होतं, उघड दिसत होतं. तिने तोच शब्द डब्ब्यात टाकला.

शून्य.

डोळ्यांना दिसतंय ते फाईलला दिसत नाही? तिने पान बोटांनी मोठं केलं. अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या झाल्या. कोपऱ्यात सहीची निळी शाई होती आणि कागद जरा तिरका होता.

"आबाजी, हे लिहिलेलं नाई," ती हळूच म्हणाली. "हे फोटो आहे. सही झालेल्या कागदाचा फोटो. यात कुणीच नाई सापडणार. किसी का भी नाम नहीं मिलेगा."

मग ती भिंतीला टेकून बसली आणि डोळ्यांनी वाचू लागली. वरून खाली, एकेक ओळ, ओळीखाली नख धरून. पहिलं पान संपलं. दुसरं संपलं. तिसऱ्या पानावर मध्याच्या जरा खाली नख थांबलं. तिने रोल नंबरचे आकडे एकेक करून ओठांत म्हटले. पुन्हा म्हटले. शेजारचं नाव वाचलं, बापाचं नाव वाचलं, स्टेशनचं नाव वाचलं.

मारोतरावांना तिचा चेहरा दिसला. त्यांनी तोंड उघडलं. गुंजनने ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांनी ते मिटून घेतलं. मोठ्या कष्टाने.

मग तिने फाईल सरकवत पुन्हा पहिल्या पानावर आणली, अगदी माथ्यापर्यंत. आईच्या मांडीवरची शेंगांची परडी उचलून खाली ठेवली. आपल्या फ्रॉकने आईचे हात पुसले, आधी उजवा, मग डावा, आणि त्यांत मोबाईल दिला.

"तू शोध," ती म्हणाली. "धीरे धीरे. वरून."

आणि ती आईला चिकटून बसली, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घट्ट दाबून. नाहीतर बोट आपोआप पुढे गेलं असतं.