पटावरचं पेन्सिलीतलं नाव

“सर, तुम्हाला गणित खरंच येतं का हो?”

पैज तिघी मैत्रिणींची, पण जीभ टकळीची. वर्षभरापूर्वी फळ्यापाशी उभं केलं की तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. हे नाव तिला यंदाच पडलेलं. विचारून झालं आणि तिचंच धाबं दणाणलं. दाराबाहेर तिघी तोंड दाबून हसत होत्या.

सर मुळात चित्रकलेचे. गणिताच्या बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, म्हणून गणित सरांच्या गळ्यात पडलं. या शाळेत त्याचं कुणाला नवल नव्हतं. मुख्याध्यापिका तर इतिहास शिकवून मधल्या सुट्टीची घंटाही स्वतःच देत. सर खडूच्या एका फटक्यात असं वर्तुळ काढत की कंपासपेटीने लाजावं. पण त्याच वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायला गेले की हमखास घसरत, आणि टकळी मागच्या बाकावरून चूक धरी.

सर रागावले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, “तुमच्यापेक्षा एक धडा पुढे असतो. तोही रविवारी बसून केलेला.”

टेबलावर मुलांच्या नावांची यादी पसरली होती. ती यादी शुक्रवारी शिक्षण खात्याच्या कचेरीत जाणार होती. पट एकशेवीस भरला तर गणिताचा शिक्षक मिळणार, एकाने जरी कमी पडला तर नाही. हे शाळेत पहिल्या बाकापासून शिपाईमामांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. टकळीची नजर सहज शेवटच्या ओळींवर गेली. एकशेएकोणीस नावं शाईत होती. एकशेविसावं पेन्सिलीत, आणि ते तिचं.

“तुझे बाबा परवा दाखल्याचं विचारून गेले,” सर म्हणाले.

बस चालवणाऱ्या बाबांनी मोठ्या शाळेत तिचा अर्ज भरलाय, हे तिला ठाऊक होतं. आपल्या जाण्याने इथे काय अडेल, याचा हिशोब मात्र तिने कधी मांडलाच नव्हता. मग राहू का, असं तिने चाचरत विचारलं.

“माझी लेक असती तर मीही तिला तिकडेच धाडली असती,” सर म्हणाले. “शाळेसाठी म्हणून राहू नकोस. जा. तिथली वर्तुळं वाकडी असतील, पण उत्तरं बरोबर येतील.”

पैजेत जिंकलेलं बिस्कीट मैत्रिणींकडे न मागताच ती घरी आली. आई शिलाई मशीनवर होती, बाबा बूट सोडत होते.

“बाबा, दाखला काढू नका. मी इथेच राहणार.”

मशीन थांबलं. ज्यांना गणित येत नाही त्यांच्या हाती दहावीचं वर्ष द्यायचं का, असं बाबांनी शांतपणे विचारलं.

“त्यांच्या चुका धरता धरताच मला गणित यायला लागलं,” ती म्हणाली. “पट भरला की नव्या बाई येतील. नाहीच आल्या, तर सर आणि मी मिळून निभावू. तुम्ही दोघं हवं तर रागवा, पण उद्या माझं नाव मी स्वतः शाईने गिरवणार आहे.”