शिंगं रंगवलेला गाळा

भोसरीत गाळ्याचं ऑफिस कसं असावं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. टेबलाच्या काचेखाली देवांचे फोटो, काचेवर रिजेक्ट झालेले पीस, एक चाक गेलेली खुर्ची आणि भिंतीवर तेलकट पंजांचे ठसे. आमच्या जयसिंगशेठचं ऑफिस त्यातही वरच्या पायरीचं. पलीकडे पत्र्याचे पीस ठोकून काढणाऱ्या पाच पॉवर प्रेस धाडधाड चालायच्या. त्या दणक्यानं टेबलावरचा चहाचा कप स्वतःच चालत कडेला यायचा, आणि जुनी गिऱ्हाइकं बोलता बोलता त्याला मागं ओढायची. नव्या गिऱ्हाइकांच्या पँटी खराब व्हायच्या.

अशीच एकदा चाकणच्या एका कंपनीच्या रणजीतसाहेबांची पँट खराब झाली. खरेदी त्यांच्या हातात. तासभर दोघं एकमेकांवर ओरडले, कुणालाच काही ऐकू गेलं नाही, आणि साहेब डाग घेऊन परत गेले. ती ऑर्डर मिळाली नाही तर दोन प्रेस बंद आणि त्यांवरची माणसं घरी, हे जयसिंगला कळून चुकलं होतं. पण हे त्यानं फक्त बायकोला सांगितलं, आणि तेही मिक्सर चालू असताना. कारण इथं गुपित शेजारच्या गाळ्यात चहाच्या आधी पोचतं, आणि शेजारचा माणूस तडक चाकणची बस पकडतो.

साहेब परत येणार म्हटल्यावर त्यानं पिंपळे गुरवहून वर्षालीला बोलावलं. ही पोरगी ऑफिसं सजवते. आल्या आल्या तिनं टेप काढून भिंती मोजल्या.

"शेठ, टेबल खिडकीशी काटकोनात घेऊ. पाहुण्याच्या डोळ्यांवर उजेड यायला नको. आणि पाहुण्याची खुर्ची तुमच्यापेक्षा चांगली हवी."

जयसिंगनं डोळे बारीक केले. "माझ्या हापिसात माझी खुर्ची हलकी? तुला कुणी धाडलं, पोरी? शेजारच्यानं?"

"तुम्हीच फोन केला होता."

"व्हय. पण नंबर मला त्यानंच दिला हाय."

तरी काम झालं. भिंतींना फिकट हिरवा रंग, कोपऱ्यात झाडं, पिवळसर उजेडाचा दिवा, वायरी सगळ्या पट्टीच्या आत. प्रेसच्या बाजूच्या भिंतीला आणि दाराला तिनं आवाज गिळणारं जाड अस्तर लावलं. मी तिथं स्टोअर सांभाळायचो; आत जाऊन स्वतः खात्री केली. दार लावलं की आपली पापणी मिटल्याचा आवाज येत होता. एक माशी आत शिरली, स्वतःची भुणभुण ऐकून दचकली आणि निघून गेली.

बाहेर मात्र भिमाजीच्या कपाळावर आठ्या. भिमाजी बीडकडचा, मोठ्या प्रेसवर जुना माणूस. त्यानं मला स्टोअरच्या खिडकीशी गाठलं.

"मामा, ती बाई भिंती कामून मोजायलीय?"

"रंगासाठी."

"रंगाला टेप लागत नसतो. बैलाची शिंगं रंगवली म्हंजे बैल एकतर पोळ्याला नाहीतर बाजाराला. पोळा तर होऊन गेला. मालक गाळा विकायलेत."

त्याच्या बोलण्यात दम होता. भोसरीत आजवर कुणी स्वतःकडे ठेवायला गाळा रंगवलेला नाही. संध्याकाळपर्यंत पाचही प्रेसवर एकच मत झालं, आणि भिमाजीनं तोडगा काढला. "गिऱ्हाईक गाळा बघायला भाईर आलं की मशीनं बंद. चालत्या बैलाला भाव, बसलेल्याला कोण घेतंय? पण आधीपासून बंद करू नका, दिवसाचे पीस बुडतील. दाराची मूठ फिरली की मगच." मुठीवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं: ती फिरली की मी वर धरलेला हात खाली करायचा.

रणजीतसाहेब आले. गाळ्याचं गिऱ्हाईक ते हेच, असं भिमाजीनं ठरवून टाकलं. आतलं बोलणं मला वर्षालीनं सांगितलं. ती दिवा नीट करायला तिथंच होती. थोडं माझ्या पदरचं धरा.

साहेबांनी झाड पाहिलं, टेबलावर बोट फिरवून बोट पाहिलं, मग कान टवकारले.

"शेठ, आज सुट्टी आहे का?"

"न्हाई. पाची प्रेस चालू हायत."

"मला काहीच ऐकू येत नाही."

"भिंतच तशी केलीय."

"असं एक ऑफिस मी पाहिलंय. असंच, हॉटेलसारखं. मागं गोदाम, आणि माल दुसऱ्याच्या गाळ्यातून यायचा. जरा दार उघडता?"

जयसिंगला बरंच वाटलं. त्यानं मोठ्या ऐटीत मूठ फिरवली. मी हात खाली केला. दार उघडलं, आणि बाहेर आतल्यापेक्षा जास्त शांतता.

साहेबांनी जयसिंगकडे पाहिलंही नाही. तेवढ्यात भिमाजी हात जोडून पुढं.

"साहेब, घेऊ नका. छप्पर गळतंय, मशीनं म्हातारी झालीत. म्हैनाभर पीस निघाला नाही."

"भिमाजी," जयसिंगचा आवाज फाटला, "काय बोलतोस तू?"

साहेब पायऱ्या उतरून मोठ्या प्रेसपाशी गेले. भिमाजीनं तिच्यावर घाईघाईनं पोतं टाकलं होतं. पण प्रेसचं मोठं चाक स्विच बंद केला म्हणून थांबत नसतं. तीन बैलांच्या वजनाचं ते, सावकाश फिरत राहतं. पोतं त्याच्यात अडकून गोल गोल फिरत होतं.

"हे चाक?"

"वाऱ्यानं फिरायलंय, साहेब."

साहेबांनी छपराकडे, बंद खिडक्यांकडे पाहिलं. मग वाकून खालच्या पेटीतला एक पीस उचलला आणि दुसऱ्या हातात टाकला. गरम होता.

"मालक म्हणतो चालू, कामगार म्हणतो बंद. खोटं कोण बोलतंय ते कळलं. का बोलतंय ते सांग."

"तुमी गाळा घेतला तर आमाला काढाल."

साहेब तिथंच पोत्याकडे बघत उभे राहिले. "बंद पडलेला गाळा वाचवायला कुणी एवढं करत नाही," ते म्हणाले. "शेठ, आधी चार पेट्या नमुना पाठवा. त्या पास झाल्या तर पुढचं बोलू. आणि बोलताना हे दार उघडं ठेवा."

ते गेल्यावर जयसिंग भिमाजीसमोर उभा राहिला. ओरडेल असं वाटलं होतं.

"गाळा विकायचा न्हाई, भिमाजी. ह्या साहेबांची ऑर्डर मिळावी म्हणून रंग लावला."

"मंग आधी सांगायचं की, मालक."

"सांगितलं असतं तर खरं वाटलं असतं का?"

भिमाजीनं चाकातलं पोतं सोडवता सोडवता विचार केला.

"नाही बा," तो म्हणाला, आणि स्विच दाबला.