दोन्ही नावांनी ओळखणारं कुणी

"अंकल, 'आधी दुसरं नाव होतं का' याला तुम्ही 'नाही' लिहिलंय," अभिजीतने अर्जावर बोट ठेवलं. "आणि आंटींच्या मॅट्रिकच्या मार्कशीटवर शरयू आहे. कॅनडावाले पूछ रहे हैं, ही शरयू कोण?"

टावर चौकातल्या त्या एवढ्याशा व्हिसाच्या ऑफिसात मधुकरराव चांगलेच ओशाळले. चौतीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेली, ज्याच्या-त्याच्या कागदातली चूक काढण्यात जन्म गेलेला. आणि घरच्याच अर्जात ही चूक! खोटं लिहायचं नव्हतं हो त्यांना, साफ विसरले होते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने 'शोभा' लिहिलं, दुसऱ्या दिवशी त्या तांदळाची खीर झाली, आणि पुढे चव्वेचाळीस वर्षांत 'शरयू' अशी हाक त्यांच्या कानावर पडलीच नाही. शेजारी बसलेल्या शोभाताई रागावल्या असत्या तरी बरं झालं असतं. त्या नुसत्या मार्कशीटकडे बघत होत्या.

लेकीचं, शर्वरीचं, पहिलं बाळंतपण पाच आठवड्यांवर आलेलं. आई हवीच, म्हणून ती रोज फोनवर रडायची. डिंकाचे लाडू तयार, बाळंतविडा तयार, अडलं होतं ते नावापाशी. उत्तराला सात दिवस होते. शपथपत्राबरोबर साक्षीदार लागेल, अभिजीत म्हणाला. नात्याबाहेरचा, आंटींना दोन्ही नावांनी ओळखणारा.

रिक्षात मधुकरराव एकेक नाव घेत होते आणि शोभाताई मान हलवत होत्या. हे वारले, ते पुण्याला गेले, त्यांना आता काही आठवत नाही.

"माझंच चुकलं," ते शेवटी म्हणाले. "तुला विचारायला हवं होतं."

"अर्जाचं म्हणताय, की लग्नातलं?"

मधुकररावांनी मांडीवरची फाइल सरळ केली. मग शोभाताईंनीच रिक्षावाल्याला सांगितलं, "भैया, नानाखेडा ले लो." तिथे अनसूया राहत होती, शोभाताईंची शाळेतली मैत्रीण. संक्रांतीला त्या एकट्याच तिच्याकडे जाऊन येत; मधुकरराव कधी गेले नव्हते. अनसूयाबाई हेडमिस्ट्रेस होऊन रिटायर झाल्या. लग्न केलं नाही, त्यामुळे नाव जन्माचंच राहिलं.

त्यांनी दोघांना चहा दिला, चष्मा लावून अभिजीतने दिलेला साक्षीचा मसुदा दोनदा वाचला आणि बाजूला ठेवला.

"शरयूला मी ओळखते. शोभाला नाही. न बघितलेल्या गोष्टीवर सही करायची सवय नाही मला."

मधुकररावांनी मसुदा परत पुढे सरकवला. आता ही बाई अडून बसली तर पोरीला काय सांगायचं? शोभाताईंना मात्र हसू फुटलं. नवऱ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "यांना विचार. त्यांच्याच घरी असते."

मग मधुकररावांना सांगावंच लागलं. शोभा पाचला उठते. सासू नऊ वर्षं अंथरुणाला खिळली होती, तिचं सगळं शोभाने केलं. शोभा पोह्यांवर सगळ्यांना मुठीने शेव घालते आणि स्वतःला उरलीसुरली. घरात कुणी आजारी असलं की ती एकदम कडक होते, आणि सगळं निभावल्यावर मोरीत जाऊन रडते. बायकोचं एवढं कौतुक त्यांनी तिच्यासमोर कधी केलं नव्हतं, आणि ते किती खरं आहे हे त्यांनाही तिथेच कळत होतं. शोभाताईंनी कप उगाचच दोनदा पुसला.

"बाई चांगली दिसते," अनसूयाबाईंनी सही केली. "आमच्या शरयूची पण ओळख करून घ्या. नदीच्या पुरात रामघाटावरून उडी टाकून पलीकडे जायची ती. अख्ख्या शाळेत एकटी. मास्तरांनी छडी मारली, तरी दुसऱ्या दिवशी परत गेली."

मधुकररावांनी बायकोकडे पाहिलं. दर पर्वणीला ते तिला रामघाटावर घेऊन जात. ती पहिल्या पायरीवर बसून तांब्याने अंगावर पाणी घ्यायची, आणि ते वरून ओरडायचे, पुढे जाऊ नकोस, घसरशील.

फाइल काखेत मारून दोघं जिन्याशी आली.

"तुला पोहता येतं?" त्यांनी विचारलं.

"येत होतं," असं म्हणून तिने त्यांचा हात धरला आणि दोघं सांभाळून एकेक पायरी उतरू लागली.