निर्जन बेटावरची जपानी सॅक

“वहिनीला घेऊच रे बरोबर. चूल पेटवायला कुणीतरी लागेलच ना!”

नवऱ्याच्या मित्राचं हे वाक्य वहिनीच्या कानावर पडायचं नव्हतं. पण अंबरनाथच्या चाळीत दोन खोल्यांमधली भिंत नावालाच असते. पलीकडे ती तांदूळ निवडत होती, आणि तिचा हात थांबला. मी मधल्या दाराच्या खिळ्याला लटकलेली, त्यामुळे मला दोन्हीकडचं दिसायचं.

मी म्हणजे सॅक. निळी, दोन पट्ट्यांची, पाठीवर टाकायची. लेबलावर विश्वास ठेवलात तर जपानची.

खरा जन्म उल्हासनगरचा, कॅम्प पाचमधला. माझी पाठ ट्रकच्या ताडपत्रीची, अस्तर छत्रीच्या कापडाचं आणि चेन कुणाच्या तरी जुन्या जॅकेटची. शिवून झाल्यावर शेठने लेबलांच्या डब्यात हात घातला. त्या दिवशी हाताला जपान लागलं. माझ्याबरोबर शिवलेली बहीण जर्मनीची झाली.

शशिकांतने मला उचललं तेव्हा शेठ म्हणाला, “साईं, जापान का माल है. पानी अंदर नहीं जाएगा.” तसं झालं नाही. पाणी आत जायचं, आणि एकदा गेलं की बाहेर यायचं नाही.

शशिकांत कारखान्यात फिटर, आणि सुट्टीच्या दिवशी ‘हिमशिखर भ्रमण मंडळा’चा सचिव. अध्यक्ष महिपती त्याच कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. सुदामकडे कॅमेरा होता, म्हणून तोही पदाधिकारी. बर्फ तिघांनीही गोळेवाल्याच्या गाडीवरच पाहिलेला.

शशिकांतचं लग्न एकोणनव्वदच्या वैशाखात झालं. ताटात तांदूळ पसरून त्याने अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं, नम्रता. आधीचं नवसी. ते सासूबाईंना चार लोकांत हाक मारायला बरं वाटेना. तिच्या गावाबद्दल शशिकांतने एकच प्रश्न विचारला होता, “एसटी दारापर्यंत जाते ना?” मूळ गाव धरणाच्या पाण्यात गेलं, आताची वस्ती वांगणीच्या बाजूला, असं तिच्या वडिलांनी सांगायला घेतलं, तेवढ्यात चहा आला. ते सांगणं तिथेच राहिलं.

नम्रता कमी बोलायची. त्यामुळे तिला काही कळत नाही, असा घरात समज होता. माझ्याबद्दलही तोच होता.

डिसेंबरात मोहीम ठरली. महिपतीला बदलापूरच्या पुढे, धरणाच्या पाण्यात मधोमध एक बेट दिसलं होतं. माणूस नाही, घर नाही, नुसती झाडी. काठावरून होडीने अर्धा तास. एवढ्यासाठी तीन बैठका झाल्या. कपडे वाळत घालायचा नायलॉनचा दोर ‘रोप’ म्हणून माझ्या पोटात आला. मग होकायंत्र, सापावरचं म्हणून कसलं तरी मलम, सहा कांदे, बटाटे, तांदूळ.

“स्टो घेऊ का?” नम्रताने विचारलं.

“छे! स्टोवर कसलं साहस?” महिपती म्हणाला. “तीन दगड मांडायचे आणि पेटवायची.”

कुणी पेटवायची, ते आम्ही दोघींनी ऐकलेलं होतं.

सगळ्यात शेवटी आली पत्र्याची पाटी. कारखान्याच्या पेंटरकडून रंगवून घेतलेली. ‘महिपती बेट. शोध : हिमशिखर मंडळ, डिसेंबर १९८९.’ शोध लागायचा होता, तारीख तेवढी पडली होती. पाटी झाडाला ठोकायची, सुदामने फोटो काढायचा, तो पेपरच्या रविवारच्या पुरवणीत द्यायचा. “एकदा छापून आलं ना, की कायमचं हेच नाव,” महिपती म्हणाला.

नम्रताने पाटी दोनदा वाचली. मग ती हळूच म्हणाली, “बेटाला आधीचं नाव असेल ना पण?”

“निर्जन आहे गं,” शशिकांत हसला. “नाव ठेवायला तिथे माणूस नको?”

काठावरच्या वाडीतला बारकू होडी घेऊन उभा होता. त्याने महिपतीचे बूट पाहिले, माझं जपान पाहिलं, आणि नम्रतापाशी त्याची नजर थांबली.

“अगं, तू पदूची नवसी ना?”

“हो, बारकूकाका.” इतका मोकळा आवाज मी तिचा पहिल्यांदाच ऐकला.

“ओळखता तुम्ही हिला?” शशिकांत.

“वळखायला काय झालं? हिच्या आजीनं वरून हाळी दिली का खाली आमची गुरं सुदिक वळायची.”

महिपतीचं लक्ष नव्हतं. तो होकायंत्रात दिशा बघत होता. सुई इमानाने स्टीलच्या डब्याकडे वळली होती.

बेट जवळ आलं तशी नम्रता होडीत उभी राहिली. शशिकांत ओरडला, “अगं बस, पडशील!” ती पडली नाही. होडी टेकायच्या आत उतरून चढाला लागली आणि वाट नव्हती तिथून वाट असल्यासारखी वर गेली. तिघे मागून धापा टाकत आले. मी शशिकांतच्या पाठीवर, पाटीचा कोपरा त्याच्या बरगडीत.

वर एक जुना आंबा, आणि आंब्याखाली जमिनीत रुतलेला कोरीव दगड, मध्ये गोल खळगा. महिपती गुडघ्यांवरच बसला.

“शिलाहार!”

अंबरनाथच्या माणसाचं हे असं आहे. शिलाहार राजांचं देऊळ गावात, त्यामुळे कुठलाही जुना दगड त्यांचाच.

“यज्ञकुंड आहे हे,” महिपती म्हणाला. “सुदाम, फोटो!”

नम्रताने पदर खोचला आणि खळग्यातली कुजकी पानं बाहेर काढली. दगडाच्या कडेला एक खाच होती. तिने ती न बघता अंगठ्याने शोधली, आणि अंगठा तिथेच ठेवून ती बसून राहिली.

“अहो, पुरातन वस्तूला हात नका लावू!” महिपती म्हणाला.

मग भुका लागल्या. तीन दगड मांडले. शशिकांतने ओली पानं घातली, सुदामने फुंकलं, धूर झाला. अर्धी काडीपेटी संपल्यावर महिपती उठला. “वहिनी, तेवढी चूल बघता का? तोवर आम्ही पाटी ठोकून घेतो.”

त्याने पाटी आंब्याला लावली. हातोडी उगारली.

नम्रता उठली. सावकाश गेली आणि हातोडीखालची पाटी काढून घेतली. मग ती बोलली. काय बोलली ते शेवटी सांगते, कारण त्यापुढे सांगण्यासारखं काही नाही.

आता सत्त्याण्णव साल. आम्ही बदलापूरच्या शिरगावला राहतो. माझी चेन गेली, एक पट्टा तुटला, मी माळ्यावर गोधड्या सांभाळते. पाटी मोरीतल्या पिंपावर झाकण म्हणून आहे, अक्षरं खालच्या बाजूला. मंडळ त्या मोहिमेनंतर मोडलं. शशिकांत तिला नवसी म्हणतो, सासूबाई अजून अडखळतात. दर डिसेंबरात दोघं होडीने जातात. स्वयंपाक तो करतो. वाईट करतो.

वाचकहो, एकच मागणं आहे. मला कधी भंगारात काढलंच, तर आधी ते लेबल उसवा. मला कॅम्प पाचची म्हणूनच जाऊ द्या.

तर त्या दिवशी, पाटी काखेत मारून, तिघांकडे बघत ती म्हणाली,

“ह्या टेकडीला नाव आहे. भिकीचा टेंबा. भिकी माझी आजी, आणि हे तुमचं यज्ञकुंड म्हणजे तिचं उखळ. आता चूल तुम्ही पेटवा. मी माहेरी आलेय.”