घाटाच्या अलीकडे

बटण काजात जात नव्हतं. खाकी शर्टाचं दुसरं बटण, चपटं, रोजचंच... ते उजव्या हाताच्या दोन बोटांत धरलेलं दिसत होतं, पण बोटांना लागत नव्हतं, जणू ती बोटं दुसऱ्याच कुणाची. मच्छिंद्रने हात झटकला. झोपेत कुशीखाली दबला असेल. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. आतून बायकोने, राहीबाईने हाक मारली, "चहा गार व्हायला लागलाय, येताय ना?" तो "आलो" म्हणाला, म्हणजे म्हणायला गेला, तोंडातून निघालं ते काहीतरी ओलं, जाड, तंबाखूचा बार भरल्यासारखं. आणि सकाळपासून त्याने तंबाखू लावलीच नव्हती.

मग सगळं परत आलं. चहा संपेपर्यंत बोटं त्याची झाली, जीभ सुटी झाली, बटणही लागलं. राहीबाईला काही कळलं नाही. आपल्यालाही कळलं नाही असंच धरायचं, असं ठरवून तो डबा घेऊन डेपोकडे निघाला.

पण ठरवून काय होतं? चालताना डावा हात उजव्याला चिमटे काढत होता... लागतंय, दुखतंय, म्हणजे ठीक आहे. चारचौघांसारखा चाललोय मी, पाय ओढत नाही. पाय ओढतो तो दादा, गोरक्षनाथदादा, गावाकडच्या पडवीत भिंत धरून. दादाच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा घरात सगळे तेच म्हणाले होते, वारं गेलं. तेल चोळलं, शेजारच्या गावचा जाणता आणला, आणि नगरच्या दवाखान्यात नेईपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. तिथल्या डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर दोन नळ्या काढून दाखवल्या होत्या. एक गुठळीने तुंबलेली, एक फुटलेली. तुमच्या भावाची तुंबलीय, ते म्हणाले, पहिल्या काही तासांत आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं औषध देता आलं असतं. मग मच्छिंद्रकडे बघून : बीपी तुम्हालाही आहे, तंबाखू तुम्हीही खाता. आणि कधी कधी मेंदू आधी सूचना देतो. हात थोडा वेळ जातो, बोलणं अडखळतं, आणि सगळं परत येतं. लोक म्हणतात, गेलं. ते गेलेलं नसतं.

ते गेलेलं नसतं... दादाला आता एकच शब्द येतो. बरं. भूक लागली तरी बरं, रडू आलं तरी बरं.

बीपीची गोळी पावसाळ्यापासून बंदच होती. बरं वाटत होतं म्हणून. बरं, हा शब्द डोक्यात आला तसा तो भर रस्त्यात थबकला, मागच्या रिक्षाने हॉर्न दिला.

डेपोत सांगितलं असतं तर? तर गाडी दुसऱ्याला, आणि मग तपासण्या, आणि मग एखाद्या खिडकीमागे खुर्ची... स्टिअरिंगवाचून मी कोण? कंडक्टर सारा मॅडम आली, "भाऊ, आज चेहरा उतरलाय," म्हणाली. तो हसला, आणि हसताना दोन्ही गाल सारखे वर गेले का, ते आरशात बघून घेतलं.

गाडी नगरच्या बाहेर पडली. तो मनात थांबे म्हणत होता, जीभ हलवून, आवाज न करता. भिंगार, मेहेकरी, कौडगाव, करंजी, तिसगाव, पाथर्डी. सगळे नीट आले. पुन्हा म्हटले. मागच्या सीटवर एका बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं, ते काचेला हात लावत होतं. आरशात तेच दिसत राहिलं. पुढे करंजीचा घाट. घाटात हा हात पुन्हा गेला तर... वळणावर, उतारावर... नाही, परत आलाय ना तो. गिअर बरोबर पडतोय.

"आरं बाबा, ह्ये कंचं गाव म्हनायचं?" गाडी थांब्यावर उभी राहिली तसं मागून एका म्हातारीने विचारलं.

त्याने बाहेर बघितलं. चहाची टपरी, पाटी झाडाआड, शाळेची निळी भिंत. गाव ओळखीचं, वीस वर्षांचं ओळखीचं, नुसतं नाव तेवढं... नाव होतं, तोंडाच्या अगदी आत होतं, पण त्याच्या जागी दुसरंच काही वर येत होतं. बरं. तो ओठ घट्ट मिटून बसला.

"कौडगाव!" सारा मॅडमने ओरडून सांगितलं. "कौडगाववाले चला उतरा." लोक उतरले, डबल बेल झाली. गाडी हलली, गावाबाहेर आली, आणि समोर डोंगर दिसू लागला तसा मच्छिंद्रने पाय ब्रेकवर ठेवला. गाडी कडेला घेतली. चावी फिरवून काढली.

"काय झालं भाऊ? पंक्चर?"

"न्हाई." जीभ जड होती, पण शब्द येत होते. "मॅडम, मला घाटात गाडी नेऊ देऊ नका. सकाळी हात गेल्ता. बोलनं बी. मला वाटलं गेलं ते... आत्ता गावाचं नाव येईना."

मागे कुणी म्हणालं, आमी काय करायचं आता. कुणी म्हणालं, वारं असंल, आमच्याकडं तेल देणारा हाय, लगेच उतरतं. "तेल नको," मच्छिंद्र एकदम बोलला, ओरडलाच. "दवाखाना."

सारा मॅडमने हात दाखवून मागून येणारी एक मोटार थांबवली. आत राधाकृष्ण नावाचे शिक्षक होते, पाथर्डीला निघालेले. काही न विचारता त्यांनी गाडी नगरकडे वळवली. "डेपोला मी कळवते," ती दार लावताना म्हणाली. तान्ह्याची आई खाली उतरून उभी होती, मूल खांद्यावर घेऊन. कुणी त्याला रागावलं नाही, याचंच त्याला नवल वाटलं.

तो मागच्या सीटवर बसला. समोर गाडी आली की त्याचा उजवा पाय तळाशी ब्रेक शोधत दाबला जायचा, आणि तिथे काहीच नसायचं. तुंबलीय की फुटलीय? ते मेंदूचा फोटो काढल्याशिवाय कळणार नाही. कदाचित काहीच नसेल. कदाचित आत्ता, या क्षणी, डोक्यात कुठेतरी... उजवा हात मांडीवर पडला होता, जड, पण होता. त्याने डाव्या हाताने राहीबाईला फोन लावला.

सकाळचं सगळं सांगितलं. बटण, चहा, गोळी बंद केली ते. ती म्हणाली, "बोलता येतंय ना नीट?"

"येतंय." त्याने थुंकी गिळली. "तू फोन ठेवू नको."

मग तो बोलतच राहिला. डबा तसाच राहिला, दादाकडे जायचं राहिलंय, बाहेर बाजरी काढायला आलीय. प्रत्येक शब्द ओठांपर्यंत येतोय का ते बघत होता, येत होता. पुढचा येईल का ते माहीत नव्हतं. भीती तशीच होती, सकाळपेक्षा मोठी असेल, पण आता ती एकट्याच्या तोंडात कोंडलेली नव्हती, पलीकडून कुणीतरी "हं... हं..." म्हणत होतं. बोलता बोलता त्याने पायाची बोटं हलवून बघितली, हलत होती, आणि त्याच्या ध्यानात आलं, की आपला पाय केव्हापासून ब्रेक शोधत नाहीये.