वजा केलेला आवाज

कश्मिराने लॅपटॉपची वायर ओनोदेरा-सानांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि हात मांडीवर ठेवून बसली. सोमवारी ती जपानमधलं सेंदाई सोडून पुण्याला परतणार होती. तीन वर्षं दर शनिवारी ती प्रयोगशाळेतून दमून या जॅझच्या कॉफीगृहात यायची. ओनोदेरा-सान न विचारता कॉफी ठेवायचे, तबकडी लावायचे. त्या शनिवारांसाठी तिने ही भेट आणली होती.

एकोणीसशे अडतीसची एक तबकडी झिजली, म्हणून त्यांनी लावणं सोडलं होतं. तिच्यावरचा सॅक्सोफोनवादक जन्मभर दुसऱ्यांच्या बँडमध्ये मागच्या रांगेत बसला. एकट्याने वाजवायला मिळालं ते या तबकडीवरच, अर्धं मिनिट. कश्मिराने ती मागून नेली, महिनाभर खपून संगणकावर सगळी खरखर काढली.

आता सूर लख्ख आला. ओनोदेरा-सानांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि कप पुसायला घेतला.

"फार स्वच्छ झालंय. आभारी आहे."

"तुम्हाला आवडलं नाही."

"असं कसं म्हणेन?" कप फडक्यात फिरत राहिला. "न्हाऊ घालून, भांग पाडून आणलंत त्याला. फक्त, पूर्वी तो इथे असायचा."

तिने हेडफोन लावून मूळ ध्वनिमुद्रण आणि आपलं काम एकामागून एक ऐकलं. तिचे कान तापले. या माणसाचं निम्मं वादन फुंकरीत होतं. ती फुंकर, ओळींमधला श्वास, प्रोग्रॅमने सगळं खरखरीतच मोजलं होतं.

वजा केलेलंही जपून ठेवायचं, ही प्रयोगशाळेची सवय. तिने ती फाइल उघडली.

"यात गाणं नाहीये. नुसतं काढून टाकलेलं."

"लावा."

मोहरी तडतडावी तशी खरखर आली. मग तिच्या आतून एक श्वास, खोल, जरा घाईचा. मग पितळेतून जाणारी नुसती हवा. पुन्हा श्वास.

ओनोदेरा-सानांनी फडकं खाली ठेवलं. जिथे सूर असायला हवे होते, नेमकी तिथे त्यांची बोटं काउंटरच्या लाकडावर उठत-टेकत राहिली. एकदाही चुकली नाहीत.

"तुम्ही वाजवायचात?" आवाज थांबल्यावर तिने विचारलं. "तीन वर्षांत बोलला नाहीत."

"तुम्ही दमून यायचात," ते म्हणाले. काउंटरमागून बाहेर आले आणि पहिल्यांदाच तिच्या शेजारी, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.

"पुन्हा लावता?"