चित्राखालचं कापड

"हे कापडावर नाही काढलं," सत्यभामाबाई म्हणाल्या.

मला हसू आलं. टॅबलेटच्या काचेवर जगातली सगळ्यात नावाजलेली बाई ओठांच्या कोपऱ्यात हसत होती आणि माझ्या टेबलाभोवती आमच्या विणकर संस्थेतले सात-आठ जण वाकून उभे होते. संस्थेचा सचिव म्हणून मी नुकताच नागपूरहून तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो. विणकरांना मोठमोठी चित्रं दाखवा, त्यांना रंगांची नवी दृष्टी येईल, असं तिथे सांगितलं होतं. चित्रांचं अ‍ॅप टाकून टॅबलेटही त्यांनीच दिला. तेव्हा दृष्टी वाटायचं काम मी मोठ्या जोमानं हाती घेतलं होतं.

"मावशी, अशी चित्रं कापडावरच काढतेत. कॅनव्हास म्हंतेत त्याले."

"म्हणत असन. हे नाही तसं." दहा मिनिटांपूर्वी मीच शिकवलं होतं तसं दोन बोटांनी त्यांनी चित्र मोठं केलं. आधी बाईचं कपाळ, मग कपाळाचा बोटभर तुकडा, मग नुसत्या भेगा. "पाह्य. तलाव आटल्यावर गाळ फाटते, तशा भेगा हायेत. पण सूत कुठी हाये? कापड असतं तर कुठी ना कुठी दिसलं असतं. हे लाकूड हाये."

"अवं बाई, पॅरिसचं हाये ते!" तेजराम म्हणाला. तो आमचा सगळ्यात हुशार विणकर, आणि ते त्यालाही ठाऊक. "ते लोक काय जेवाच्या पाटावर चित्र काढतीन?"

सगळे खदखदून हसले. मी चित्राखालची माहिती उघडली आणि वाचता वाचता माझा आवाज बसत गेला. पॉप्लर नावाच्या झाडाच्या फळीवर रंगवलेलं.

"पाटावरच निंगालं नं," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि शांतपणे पदरानं चष्मा पुसू लागल्या.

त्या आमच्याकडे कापड तपासतात. एकतीस वर्षं. खिडकीखालच्या मोठ्या मेजावर कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, साडी पसरायची, एका टोकापासून डोळे आणि बोटं एकत्र चालवायची. खोट सापडली की आरडाओरडा नाही. खोटेच्या समोर काठाला एक लाल धागा बांधायचा आणि साडी परत. विणकरानं खोट दुरुस्त केली, बाईंना ती पटली, की मगच तो धागा सोडायचा. साडी निर्दोष असली की कोपऱ्यात संस्थेचा गोल शिक्का. त्यांचा नवरा यादोराव चांगला विणकर होता. मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात बाईंनी त्याचीच साडी तीन लाल धागे बांधून परत पाठवली. यादोराव आठ दिवस बायकोशी बोलला नाही, भाजीत मीठ कमी असलं तर ताटाला सांगायचा. तो जाऊन सहा वर्षं झाली, पण गावात ही गोष्ट अजून सांगतात.

आता खरं सांगतो. त्या दिवशी मला चित्रं दाखवून झाल्यावर चहा मागवायचा होता आणि चहानंतर बाईंकडून शिक्का काढून घ्यायचा होता. दिवाळीनंतर गिऱ्हाइकाकडून एक साडी खोट दाखवून परत आली होती, तिच्यावर बाईंचा शिक्का होता. वय अडुसष्ट, चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड. कार्यकारिणीनं ठरवलं आणि अध्यक्ष म्हणाले, "कैलाश, तूच सांग. तुयं ऐकते ते." मी पंधरा दिवस आज-उद्या करत होतो. शेवटी आज सांगायचंच म्हणून मनाची तयारी केली, तर बाईंनी भर सभेत सगळ्यांपेक्षा जास्त पाहून दाखवलं. आता तुमची नजर गेली, असं कोणत्या तोंडानं सांगणार? चहा झाला, शिक्क्याचा विषय न काढता मी रिकामे कप गोळा केले.

त्यानंतर रोज दुपारी काम आटोपलं की बाई टॅबलेट मागायच्या. घड्या घालायला बसणारी रुपा त्यांच्या खांद्यावरून डोकावायची. रुपाला चेहरे आवडायचे, दागिने आवडायचे. बाईंना चेहऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्या कपाळावरून, फुलांवरून, घोड्यावरून सरळ आत शिरायच्या आणि सूत शोधायच्या.

एक दिवस त्यांना रात्रीच्या आभाळाचं चित्र सापडलं. निळं आभाळ, त्यात भोवऱ्यागत फिरणारे तारे. रंगाचे फटकारे एवढे जाड की त्यांच्या मध्ये जागा सुटलेल्या, आणि त्या जागांमधून खालचं कापड उघडं दिसत होतं.

"सापडलं," बाई पुटपुटल्या. मग बराच वेळ काचेवर बोट फिरवत राहिल्या. "सूत जाडं-बारीक हाये. आपल्याकडे आलं असतं तं मी परत केलं असतं."

"मावशी, लय मोठं चित्र हाये हे. जग पाहाले येते."

"येऊ दे नं. मी चित्राले काई म्हटलं का? हे कापड कोणं विणलं, थे सांग."

मी माहिती वाचली. चित्रकाराचं नाव होतं, साल होतं, लांबी-रुंदी होती, संग्रहालयाचं नाव होतं. विणकराचं नव्हतं.

"असन कोणी," बाई म्हणाल्या. "तपासणारं बी असन कोणी."

मला फार शरम वाटली. कशाची ते नीट सांगता येणार नाही, पण मी त्या संध्याकाळी अध्यक्षांना फोन केला आणि म्हणालो की बाईंची नजर माझ्या नजरेपेक्षा चांगली आहे, शिक्का त्यांच्याकडेच राहील. अध्यक्ष कुरकुरले. मी ऐकलं नाही.

शुक्रवारी बारा साड्या पुण्याला जायच्या होत्या. सगळ्यांवर शिक्का बसला होता. ऑनलाइन दाखवायला मी टॅबलेटवर प्रत्येक साडीचे अगदी जवळून फोटो काढून ठेवले होते. मी गठ्ठा बांधत होतो, तेजराम दारात तंबाखू मळत होता. बाई आभाळाचं चित्र उघडायला गेल्या आणि त्यांना आमचे फोटो दिसले.

"आपल्या साड्या बी मोठ्या होतेत का याच्यात?"

"होतेत नं."

त्या एकेक साडी मोठी करून पाहू लागल्या. मी दोरीला गाठ मारली. मागून आवाज येईना म्हणून वळलो, तर बाईंनी चष्मा काढला होता. तो पुसून पुन्हा घातला, टॅबलेट जवळ घेतला, लांब धरला.

"गठ्ठा सोड, कैलाश. सातवी काढ."

सातवी तेजरामची होती. बाईंनी ती मेजावर पसरली, फोटोवरून काठापासूनचं अंतर मोजलं आणि तिथे बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग डोळे कापडाला टेकेपर्यंत वाकल्या.

"इथंच हाये. तीन धागे विणीतून उडाले हायेत, तांदळाच्या दाण्याएवढे. फोटोत चांगले दिसतेत. इथं मले दिसून नाही राहिले, अन् बोटालेबी लागून नाही राहिले."

मी वाकून पाहिलं. होतं. कुणी दाखवल्याशिवाय दिसलं नसतं, पण होतं.

"राहू द्या मावशी," मी म्हणालो. पंधरा दिवस ज्यांना काढायला निघालो होतो त्यांच्या मी आता अक्षरशः विनवण्या करत होतो. "एवढंसं कोणाले दिसते? पुण्याची बाई काय भिंग लावून साडी नेसन?"

"दिसते म्हणून परत करतो का आपण? हाये म्हणून करतो."

तेजराम आत आला होता. बाईंनी त्याच्या किती साड्या परत पाठवल्या असतील, त्याचा हिशेब नाही. आज तो उट्टं काढेल असं मला वाटलं. तो साडीकडे पाहत म्हणाला, "माया हातून गेलं ते बाई. सुईनं बसवून देतो आताच."

"तुया हातून गेलं ते तू पाह्य. माया नजरेतून गेलं, ते कोणं पाहाचं?"

बाईंनी डब्यातून लाल धागा काढला, दातानं तोडला, साडीच्या काठाला बांधला. मग आणखी एक तुकडा तोडला. शिक्का उचलला, त्याच्या लाकडी मुठीला धाग्याचे दोन वेढे घेतले आणि घट्ट गाठ मारून तो माझ्यासमोर ठेवला.

"रुपाची नजर चांगली हाये," त्या म्हणाल्या. "तिले दे. बोटं मी शिकवीन."

रुपा रडायलाच लागली. बाई तिच्यावर खेकसल्या, "डोये पूस आधी. त्याच डोयानं पाहाचं हाये तुले."

तेजरामनं तासाभरात खोट बसवली. रुपानं पाहिली, बाईंनी बोट फिरवलं, दोघींनी मान हलवली. रिवाजाप्रमाणे तेजरामनं काठाचा लाल धागा सोडला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं हळूच शिक्का ओढला आणि मुठीवरची गाठ सोडायला नख लावलं.

बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"ते राहू दे, तेजराम. ते अजून दुरुस्त नाही झालं."

तेजरामनं हात मागे घेतला. बाईंनी पदर सावरला, चपला घातल्या, आणि पायरीवरून मला म्हणाल्या, "उद्या ते रातचं आभाळ काढून ठेवजो रे. रुपाले सूत दाखवाचं हाये."

मी सातव्या साडीची घडी पुन्हा गठ्ठ्यात ठेवली आणि दोरी बांधली. शिक्का मेजावर तसाच होता. एकतीस वर्षं धरून धरून मूठ गुळगुळीत झाली होती, एका बाजूला अंगठ्याचा खळगा पडला होता. त्या खळग्याच्या बरोबर वर लाल धाग्याची गाठ होती.